दुर्मीळ मोटारीचा सातबारा

जगात आजवर कोट्यवधी मोटारी कारखान्यांतून बाहेर पडल्या, रस्त्यांवर धावल्या आणि यथावकाश भंगारात गेल्या. त्यांपैकी अमुक एका गाडीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारीत नाही. विचारले तरी उत्तर मिळण्याचा संभव नाही. या सर्वसाधारण नियमाला जे थोडे अपवाद आहेत त्यांत 'टकर ४८' या अमेरिकन मोटारीचा क्रम बराच वरचा लागेल. शिकागो येथे १९४८ च्या सुमारास तयार झालेल्या या मोटारी, पहिला नमुना धरून, अवघ्या ५१. त्यांपैकी ४७ आजही अस्तित्वात असल्याचे मानले जाते. प्रत्येक गाडी तिच्या क्रमांकाने ओळखली जाते. ती कोणाकडून कोणाकडे गेली, कोणत्या संग्रहालयात विसावली, तिचे कोणते भाग बदलले गेले, याचा माग जाणकारांना सांगता येतो. ज्या गाड्या नष्ट झाल्या त्यांचीही हकिगत लिहून ठेवलेली आहे.

हे काम सरकारने केलेले नाही. कंपनीने केले असेही म्हणता येत नाही. ती तर पहिल्या पन्नास गाड्यांबरोबरच बुडाली. १९७३ साली स्थापन झालेला टकर मोटारींच्या चाहत्यांचा क्लब, काही हौशी संग्राहक, जुनी कागदपत्रे जपणारी संग्रहालये आणि स्वतः मालक यांनी मिळून ही माहिती जमविली. अशा नोंदवह्या आज अनेक दुर्मीळ मोटारींसाठी इंटरनेटवर चालविल्या जातात. वरवर पाहता हा श्रीमंतांच्या छंदाचा विषय वाटेल. तथापि विश्वसनीय माहिती कशी निर्माण होते, तिचा खर्च कोण सोसतो, लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि ती टिकते कशी, हे अर्थशास्त्रातील जुने प्रश्न या लहानशा क्षेत्रात विलक्षण स्पष्टपणे दिसतात. शिवाय महाराष्ट्रात तयार झालेल्या मोटारींच्या बाबतीत हे काम कोणी करणार की नाही, हा प्रश्नही त्यातून उभा राहतो. आणि त्याचे उत्तर देण्यास आता फार अवधी उरलेला नाही.

बुडालेली कंपनी, उरलेल्या गाड्या

प्रेस्टन टकर हा मिशिगनचा मनुष्य. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतील मोठ्या मोटार कंपन्या युद्धापूर्वीचीच मॉडेल्स थोडीफार डागडुजी करून विकीत होत्या. त्या वेळी अगदी नव्या धर्तीची गाडी बाजारात आणण्याची त्याने घोषणा केली. युद्धकाळात विमानांची इंजिने जेथे तयार होत असा शिकागोतील अवाढव्य कारखाना त्याने भाड्याने मिळविला. त्याच्या गाडीचे इंजिन मागच्या बाजूस होते. ते मुळात हेलिकॉप्टरसाठी बनलेले, आणि हवेऐवजी पाण्याने थंड होईल असे बदलून घेतलेले. पुढे दोन दिव्यांच्या मधोमध तिसरा दिवा होता, तो चाकांबरोबर वळे. अपघातात प्रवाशांना कमी इजा व्हावी म्हणूनही काही योजना होत्या.

परंतु भांडवल उभारण्याची त्याची पद्धत अमेरिकन शेअर बाजाराच्या नियंत्रकांना संशयास्पद वाटली. गाडी हाती येण्यापूर्वीच विक्रेत्यांना विक्रीचे हक्क आणि ग्राहकांना गाडीचे सुटे सामान विकण्यात आले होते. चौकशी झाली, वर्तमानपत्रांतून बभ्रा झाला, कारखाना बंद पडला आणि १९४९ मध्ये टकर व त्याचे सहकारी यांच्यावर फसवणुकीचा खटला भरण्यात आला. जानेवारी १९५० मध्ये ज्यूरीने सर्वांना निर्दोष ठरविले. तोवर कंपनी संपली होती. टकर १९५६ साली मरण पावला. फ्रान्सिस फोर्ड कपोला याने १९८८ मध्ये या कथेवर चित्रपट काढला, तेव्हा टकरचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले.

टकर लबाड होता की द्रष्टा, हा वाद अजूनही चालतो. नोंदवहीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. 'पन्नास गाड्या बनल्याच कोठे, सारा कागदी घोडा होता,' असे आज कोणालाही म्हणता येत नाही, कारण त्या गाड्या एकेक करून मोजून दाखविता येतात. खटल्याने जो निकाल दिला त्याला या नोंदींनी वस्तुस्थितीची जोड दिली. एखाद्या माणसाच्या कर्तृत्वाविषयी मत काही असो, त्याने काय केले एवढे तरी निर्विवाद असावे, ही इतिहासाची किमान अपेक्षा असते. ती येथे सामान्य हौशी लोकांनी पुरी केली आहे.

त्याचा आर्थिक परिणामही लहान नाही. जानेवारी २०१२ मध्ये ॲरिझोनातील लिलावात एका टकर मोटारीला सुमारे २९ लाख डॉलर आले. त्याहून मोठे उदाहरण इटलीच्या फेरारी २५० जीटीओचे. १९६२ ते १९६४ या काळात बनलेल्या या गाड्या ३६. त्यांतील एक ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. एवढी किंमत केवळ पत्र्याची आणि इंजिनाची असू शकत नाही. पुरेसा पैसा आणि कुशल कारागीर असले तर तसे इंजिन, तसा सांगाडा आणि तसा पत्रा आजही घडविता येतो. ग्राहक पैसे मोजतो तो 'हीच ती गाडी' या खात्रीसाठी, आणि ती खात्री गाडीत नसून नोंदीत असते.

लिंबू आणि ग्राहक

जुन्या मोटारींच्या बाजाराने अर्थशास्त्राला एक महत्त्वाचा सिद्धान्त दिला आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांचा १९७० सालचा निबंध याच बाजाराविषयी होता. विकत घेतल्यावर दगा देणाऱ्या गाडीला अमेरिकेत 'लिंबू' म्हणतात. गाडी चांगली की लिंबू, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, आणि तो बाजारातून निघून जातो. मागे लिंबांचे प्रमाण वाढते, किंमत आणखी खाली येते. माहितीचा असमतोल पुरेसा मोठा असेल तर बाजारच मोडून पडतो. या निबंधाला प्रथम काही नियतकालिकांनी साभार परत केले होते. २००१ साली ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

दुर्मीळ मोटारींच्या बाबतीत ही अडचण आणखी एका पायरीने बिकट होते. येथे कित्येकदा विकणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते. साठ-सत्तर वर्षांत गाडी दहा हातांतून गेलेली असते. एका मालकाने इंजिन बदललेले असते, दुसऱ्याने अपघातानंतर पुढचा भाग नवा बसविलेला असतो, तिसऱ्याच्या वारसांनी कागद रद्दीत घातलेले असतात. माहिती असते, पण ती तुकड्यातुकड्यांनी वीस ठिकाणी विखुरलेली असते, आणि ज्याच्याजवळ एक तुकडा आहे त्याला उरलेल्या एकोणीस जणांचा पत्ता नसतो. नोंदवहीचे खरे काम हे तुकडे एकत्र आणण्याचे.

मग प्रश्न येतो तो हे काम करणार कोण. नोंदवही एकदा तयार झाली की तिचा उपयोग सर्वांनाच होतो. मालकाला, ग्राहकाला, लिलाव करणाऱ्याला, विमा कंपनीला, इतिहासकाराला. ज्याने तीत काहीच भर घातली नाही त्यालाही ती वाचता येते. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे अशा सामूहिक हिताच्या कामात प्रत्येक जण दुसऱ्याच्या कष्टांवर विसंबून राहण्याचा संभव असतो. परिणामी सर्वांना हवी असलेली गोष्ट कोणीच करीत नाही. उलट एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या १९९० च्या ग्रंथाने असेही दाखविले की लहान, एकमेकांना ओळखणारे समूह स्वतःचे नियम स्वतः घालून सामायिक संपत्ती उत्तम रीतीने सांभाळू शकतात. मोटारींच्या नोंदवह्या हे या दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय.

यामागील युक्ती मराठी माणसाला नवी वाटू नये. त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकला गेलेला यात्रेकरू आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे जातो, तेव्हा त्यांच्या जुन्या वहीत आजा-पणज्यांची नावे पाहावयास मिळतात. ती पाहण्याच्या ओढीनेच तो तेथे बसतो आणि उठण्यापूर्वी स्वतःचे व मुलाबाळांचे नाव त्या वहीत लिहवून येतो. वही वाचणाऱ्याकडूनच वही वाढते. मोटारीच्या नोंदवहीत अगदी हेच घडते. मालक येतो तो आपली गाडी पूर्वी कोणाची होती हे शोधण्यासाठी. जाताना तो स्वतःजवळचा कागद, छायाचित्र किंवा क्रमांक देऊन जातो. फुकट्यांचा प्रश्न या देवघेवीने पुरता सुटत नसला तरी बराच सौम्य होतो.

चाक म्हणजे रथ काय?

एवढ्याने सारे भागत नाही. गाडीची ओळख कशात आहे, हा प्रश्न नोंदवही ठेवणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी उभा राहतो. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या प्रसिद्ध संवादात रथाचाच दृष्टान्त आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, धुरा म्हणजे रथ नव्हे. मग रथ आहे तरी कोठे? दोन हजार वर्षांपूर्वीचा हा तात्त्विक पेच १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात हुबेहूब उपस्थित झाला होता.

'ओल्ड नंबर वन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंटली मोटारीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. ही गाडी १ कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. पुढे खरेदीदाराने हरकत घेतली की गाडीचे इतके भाग वेळोवेळी बदलले गेले आहेत की ती मूळची गाडी म्हणताच येत नाही. शर्यतीत धावलेल्या गाडीचे फारच थोडे लोखंड तीत उरले होते, याविषयी वादही नव्हता. न्यायालयाने तिचा सारा इतिहास तपासला आणि निर्णय विक्रेत्याच्या बाजूने दिला. भाग बदलत गेले. परंतु गाडी मध्येच नाहीशी होऊन तिच्या नावाने दुसरी उभी केली गेली, असे कधी झाले नाही. तिचे अस्तित्व अखंड होते.

या निकालाचे तात्पर्य नोंदवहीच्या दृष्टीने मोलाचे आहे. ओळख म्हणजे अखंड इतिहास असेल, तर इतिहास सिद्ध करण्याचे साधन हाच ओळखीचा आधार ठरतो. ज्या गाडीची मधली वीस वर्षे अंधारात आहेत तिच्याविषयी संशय घेण्यास जागा राहते. टकर मोटारींच्या क्षेत्रातही असा प्रसंग आला. कंपनीने गुप्तपणे हाती घेतलेल्या उघड्या टपाच्या टकरचा हा सांगाडा, असा दावा करणारी एक गाडी बऱ्याच वर्षांनी पुढे आली आणि जाणकारांत तीव्र मतभेद झाले. ज्या गाडीची नोंद कारखान्याच्या दारापासून सलग लागत नाही, तिच्या वाट्याला असे वाद यावयाचेच.

नोंद कशी ठेवावी

नोंदवही उघडणे आज कठीण राहिलेले नाही. पूर्वी ती कागदावर ठेवली जाई, पत्रव्यवहाराने वाढे आणि छापून निघेपर्यंत जुनी होई. आता एखादा विद्यार्थीही चार दिवसांत संकेतस्थळ उभारू शकतो. कठीण आहे ती शिस्त, आणि या बाबतीत चालू नोंदवह्यांचा अनुभव बरेच काही शिकवितो.

पहिली गोष्ट म्हणजे नोंदीचा आधार कायमच्या क्रमांकावर असावा. रस्त्यावरील पाटीवर दिसणारा क्रमांक या कामी पुरत नाही; गाडी दुसऱ्या राज्यात गेली, देशाबाहेर गेली किंवा नोंदणीची पद्धत बदलली की तो बदलतो. मुंबईतील जुन्या गाड्यांवर असलेली अक्षरे आणि १९८९ नंतर आलेली 'एमएच'ची मालिका यांतील फरक सर्वांना परिचित आहे. सांगाड्यावर ठोकलेला चॅसिस क्रमांक मात्र सहसा गाडीबरोबरच जन्मतो आणि तिच्याबरोबरच जातो. इंजिनाचा व बॉडीचा क्रमांक त्याच्या जोडीला घ्यावा. सतरा अक्षरांचा प्रमाणित क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून सक्तीचा झाला. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी होती. म्हणून जुन्या मोटारीच्या नोंदवहीला आधी त्या कारखान्याची लिपीच शिकून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट, मेलेल्या गाड्यांची नोंद जिवंत गाड्यांइतक्याच काळजीने व्हावी. अपघातात चुराडा झालेल्या, गोदामाच्या आगीत जळालेल्या किंवा सुट्या भागांसाठी फोडलेल्या गाडीचा क्रमांक वहीत 'नष्ट' म्हणून लिहिलेला असला, तर उद्या तोच क्रमांक दुसऱ्या सांगाड्यावर ठोकून कोणी पुढे आले की ते तत्काळ लक्षात येते. येथेच एक धोकाही आहे. नष्ट गाडीचा प्रत्येक तपशील जाहीर केला तर तोच बनावट गाडी घडविणाऱ्याचे पाठ्यपुस्तक होतो. म्हणून जाणते नोंदकर्ते काही खुणा आपल्याजवळच राखून ठेवतात. मालकाचे नाव व पत्ता यांबाबतही तोच विवेक हवा. गाडीचा इतिहास सार्वजनिक असावा. ती आज कोणाच्या गॅरेजमध्ये उभी आहे हे चोरांना कळण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट पुराव्याच्या प्रतीची. 'मालक असे म्हणतो', 'कागदपत्रांवरून असे दिसते' आणि 'प्रत्यक्ष पाहणीत असे आढळले' या तीन विधानांचे वजन सारखे नाही, आणि वहीत ते सारखे दिसता कामा नये. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या आधारावर, कोणत्या तारखेस झाली हे असावे. चूक दुरुस्त करताना जुनी नोंद पुसून न टाकता तिच्याखाली नवी लिहावी. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफाराची पद्धत याहून वेगळी नाही. सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा मानला जात नाही. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत त्यातील नोंद खरी धरली जाते, एवढेच. मोटारीच्या नोंदवहीनेही स्वतःविषयी याहून मोठा दावा करू नये. दावा जितका मर्यादित तितका विश्वास टिकाऊ, असा कचेरीत आयुष्य घालविलेल्या कोणाही कारकुनाचा अनुभव असतो.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट वारसाची. बहुतेक नोंदवह्या एका माणसाच्या चिकाटीवर उभ्या असतात. तो थकला, वारला किंवा संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क भरावयास विसरला, की तीस वर्षांचे काम एका रात्रीत दिसेनासे होते. कागदाची वही निदान माळ्यावर तरी सापडते. म्हणून वहीची एक प्रत नियमाने एखाद्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवली गेली पाहिजे. एका संग्राहकाने जमविलेल्या तीन टकर मोटारी आणि त्यांच्यासंबंधीची आरेखने व कागदपत्रे पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथील मोटार संग्रहालयात गेली, आणि अभ्यासकांची सोय झाली. ती संग्राहकाच्या घरीच राहिली असती तर पुढच्या पिढीत त्यांचे काय झाले असते, याची कल्पना करणे अवघड नाही.

कुर्ल्याच्या गाडीचे काय?

हा सारा विचार महाराष्ट्रात आणून पाहिला तर चित्र उदास दिसते. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या गेल्या; मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातील गोलसर फियाटला लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव दिले. त्यानंतर 'सिलेक्ट', 'सुपर सिलेक्ट', १९६४ ची 'डिलाइट' आणि सत्तरीत 'पद्मिनी' असा तिचा वंश चालला. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि हाती आलेली गाडी दुसऱ्या दिवशी जास्त किमतीला विकता येई. भारतीय अर्थव्यवस्थेच्या एका संबंध कालखंडाचा हा चालताबोलता दस्तऐवज होय.

मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले. हजारोंच्या संख्येने धावलेल्या या टॅक्सींपैकी किती भंगारात गेल्या, किती कोणाच्या अंगणात उभ्या आहेत, हे सांगणारी वही मात्र कोणी दाखविली नाही. ज्या वस्तू एके काळी सर्वत्र दिसतात त्याच सर्वांत आधी नाहीशा होतात, कारण त्या जपून ठेवाव्यात असे कोणालाच वाटत नाही. टकर पन्नासच होत्या म्हणून वाचल्या, असेही म्हणता येईल.

शासनाची नोंद आहे, असे यावर म्हटले जाईल. ती आहे, आणि केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत सुधारणा करून जुन्या वाहनांची स्वतंत्र दखलही घेतली आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, बिगरव्यापारी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु परिवहन खात्याची नोंदवही कर, मालकी आणि रस्त्यावरील सुरक्षितता यांसाठी असते. गाडी मोडीत निघाली की त्या खात्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. इतिहासाच्या दृष्टीने तो तेथे सुरू होतो. शिवाय टॅक्सी हे व्यापारी वाहन. ज्या गाडीने मुंबईला तिची ओळख दिली ती या नियमाच्या छायेत येतच नाही. आणि योगायोग असा की सत्तरीत रस्त्यावर आलेल्या पहिल्या पद्मिनी आता कोठे पन्नाशीच्या उंबरठ्यावर पोचत आहेत. शासनाच्या लेखी त्या जतन करण्याजोग्या ठरू लागल्या, तोच त्यांच्या भगिनी वयोमर्यादेने संपल्या.

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास सुरुवात करून 'मीरा' या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने तयार केले. ती गाडी कारखान्यात कधीच उत्पादनाला गेली नाही. टकरप्रमाणेच हाही प्रस्थापित उद्योगाबाहेरच्या माणसाचा प्रयत्न होता. फरक एवढाच की टकरच्या प्रत्येक गाडीमागे आज एक चरित्र आहे, आणि 'मीरा'ची आठवण वर्तमानपत्री लेखांतून अधूनमधून डोकावते तेवढीच.

खर्च आणि आक्षेप

ज्या राज्यात शाळांना इमारती आणि दवाखान्यांना औषधे पुरत नाहीत, तेथे जुन्या मोटारींच्या वह्या लिहिण्याची चैन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो गैर नाही. सरकारी तिजोरीतून यासाठी पैसा मागितला तर त्याला उत्तर देणे जड जाईल. पण हे काम पैशापेक्षा वेळेचे आहे. 'डुक्कर फियाट'च्या किंवा 'डिलाइट'च्या नोंदवहीसाठी लागेल तो एक लहान गट, चॅसिस क्रमांक वाचण्याची सवय, संगणक आणि चिकाटी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यातून एका कारखान्याच्या तंत्राचा इतिहास कळेल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परवाना पद्धतीतील टंचाई, प्रतीक्षा आणि वरकड किमती यांचा अभ्यास पुस्तकाबाहेर करता येईल. महाविद्यालयांतून प्रकल्पांच्या नावाखाली जी कागदी उतारेगिरी चालते तिच्यापेक्षा हे निश्चितच अधिक उपयोगी ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नोंदवही आली की किमती वाढतात, सट्टा सुरू होतो आणि ज्या साध्या मालकाने वडिलांची गाडी प्रेमाने सांभाळली त्याच्या दारी दलाल येतात. अमेरिकेत व युरोपात असे झाले आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि अज्ञानात विकणाऱ्याचे नुकसान याहून मोठे असते. आपल्याजवळ काय आहे हे ठाऊक नसलेला मालक ती गाडी भंगाराच्या वजनाने देऊन टाकतो, आणि तिची खरी किंमत पुढे तिसराच कोणी वसूल करतो. ॲकरलॉफ यांच्या बाजारात घेणारा फसतो. नोंद नसलेल्या दुर्मीळ वस्तूच्या बाजारात पुष्कळदा विकणाराच फसतो.

या कामाला मुदत आहे, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात ज्यांनी हाताने काम केले ते कामगार आता वृद्ध झाले आहेत. कार्बुरेटरच्या आवाजावरून गाडीचे साल ओळखणारे मिस्त्री एकेक करून गॅरेजे बंद करीत आहेत. गाडी विकली तरी तिचे जुने नोंदणीपुस्तक, ताबा मिळाल्याची पावती किंवा दारात उभी केलेल्या नव्या फियाटसमोर साऱ्या कुटुंबाने काढलेले छायाचित्र अनेक घरांच्या ट्रंकांतून अजून पडून असेल. त्या छायाचित्रात पाटीवरचा क्रमांक बहुधा स्पष्ट वाचता येतो. अशा एका क्रमांकापासून नोंद सुरू होऊ शकते. टकरची वहीही अशाच सुट्या क्रमांकांनी भरत गेली. ट्रंका आवरल्या जातील तेव्हा हे कागद रद्दीत जाण्यापूर्वी कोणी तरी ते मागावयास आलेले असावे, एवढीच या घडीला अपेक्षा करता येईल.